आडवी चाचणी

गाडी घ्यायला गेलेला माणूस शोरूममध्ये काय विचारतो? ॲव्हरेज किती देते, रंग कोणते आहेत, एसी मागेपर्यंत पोचतो का. आमच्या सासूबाईंनी पायपुसण्यावर चपला पुसल्या, तिथल्या सगळ्यात उंच गाडीपाशी गेल्या, मागच्या दारावर टिचकी मारली आणि विचारलं, "यात आडवं पडता येतं का?"

टाय लावलेला सेल्समन हसला. त्याला वाटलं, म्हातारीला लांबच्या प्रवासात पाठ टेकायची असेल. तसं पाहिलं तर त्याचं चुकलं नव्हतं. प्रवास लांबचाच होता, फक्त परतीचा नव्हता.

आधी सांगून टाकते, म्हणजे तुमचा गोंधळ नको. आमचा धंदा माणसं पोचवण्याचा. मेलेली माणसं. पेटी आमची, फुलं आमची, गाडी आमची, आणि टेकडीवरच्या दफनभूमीच्या फाटकापर्यंत नेऊन सोडणारेही आम्हीच. लोक मागे आम्हाला मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांच्या घरी वेळ आली की पहिला फोन आम्हालाच येतो, आणि तेव्हा त्यांचा आवाज किती गोड झालेला असतो ते मला विचारा. धंदा सासऱ्यांनी उभा केला, सासूबाईंनी वाढवला, आणि आता मी आणि माझा नवरा चालवतो. म्हणजे नवरा गाडी चालवायचा आणि मी बाकी सगळं.

या धंद्यात आम्हाला गिऱ्हाइकाची भीती नाही. भीती त्या टेकडीची. पायथ्यापर्यंत डांबरी रस्ता आहे, पुढे नुसती माती आणि दगड. आमच्याकडे माणसं पायथ्याशी जमतात, तिथून गाडी पुढे आणि सगळे तिच्या मागे चालत वर जातात. अर्ध्यावर एक वळण आहे. तिथे चढ असा की गाडीचं नाक आभाळाकडे होतं, आणि पाण्याने एका बाजूला चर पाडलाय, त्यामुळे एक चाक खाली जातं आणि दुसरं उचललं जातं.

सासरे गेले त्या दिवशी आमची जुनी व्हॅन नेमकी त्याच वळणावर दमली. चाकं जागच्या जागी फिरायला लागली. नवऱ्याने ब्रेक दाबला, तो लागल्यासारखा झाला आणि सुटला, आणि गाडी हळूहळू मागे यायला लागली. मागून चालणारी माणसं फुलं टाकून बाजूला पळाली. मागचं दार उघडलं, पेटी हातभर बाहेर आली. चार जण धावले म्हणून, नाहीतर काय झालं असतं ते बोलायलाही नको. आणि त्या धावपळीत कोणीतरी हसलं. वाईट मनाने हसलं असं नाही. घाबरल्यावरही माणसाला हसू येतं. पण ज्या माणसाने उभ्या आयुष्यात दुसऱ्याची पेटी वीतभर हलू दिली नाही, त्याची स्वतःची पेटी अशी निघाली, आणि त्यावर कोणीतरी हसलं. सासूबाई पेटीच्या अगदी मागे चालत होत्या. त्यांनी ते ऐकलं. घरी आल्यावर त्या रडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "मी या गाडीतून जाणार नाही."

आम्हाला वाटलं, रागात आहेत, दोन दिवसांत विसरतील. विसरतायत कसल्या. भाजी निवडताना, टीव्ही बघताना, शेजारीण बसायला आली की तिच्यासमोर, एकच पालुपद. मी जाईन तेव्हा पायथ्यापासून फाटकापर्यंत गाडी तसूभर मागे येता कामा नये, दुसरं मला काही नको, फुलं नसली तरी चालतील. तब्येत ठणठणीत होती, आवाज तर त्याहून. डॉक्टर हृदय जरा अशक्त आहे म्हणाले, तर यांनी त्यांनाच विचारलं की तुमच्या गाडीला ब्रेक कुठले आहेत.

शेवटी व्हॅननेच मान टाकली आणि नवी गाडी घेणं भाग पडलं. चढावर चालणारी, चारही चाकांना जोर देणारी. सासूबाईंनी जाहीर केलं की गाडी त्या निवडणार. मी म्हटलं, "आई, चालवणार आम्ही." त्या म्हणाल्या, "चालवा की. पण रांगेत पहिला नंबर माझा आहे." मी हात टेकले.

पहिल्या शोरूममध्ये नवऱ्याने भोळेपणाने धंदा सांगून टाकला, तर तिथल्या मॅनेजरचा चेहरा असा झाला की जणू आम्ही त्यालाच न्यायला आलोय. ट्रायलची गाडी मिळणार नाही म्हणाला, नंतर त्यात गिऱ्हाईक बसायचं नाही. म्हणून या दुसऱ्या शोरूममध्ये शिरण्याआधी सासूबाईंनी आम्हा दोघांना दम भरला होता, अळीमिळी गुपचिळी. विचारलंच तर म्हणायचं, सामान पोचवतो.

टायवाल्याने विचारलंच. सामान नाजूक असतं का, म्हणाला. नवऱ्याने गंभीर चेहऱ्याने सांगितलं की असतं तसं, पण फुटायचं भय नाही. मग गिऱ्हाइकांच्या तक्रारी येत नाहीत ना, असं त्याने विचारल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "गिऱ्हाइकांच्या नाही, नातेवाइकांच्या येतात." सासूबाईंनी माझ्या पायावर काठी टेकवली. हळूच टेकवली असं म्हणणार नाही मी.

मग त्याची पोपटपंची सुरू झाली. तीन गोष्टी ठरवायच्या होत्या. ब्रेक, हँडब्रेक आणि ॲक्सल. ब्रेकचं सोपं होतं. पुढे डिस्क आणि मागे ड्रम, किंवा चारही चाकांना डिस्क. चिखलपाण्यातून बाहेर आल्यावर डिस्क लवकर सुकते आणि नीट पकडते, म्हणून चारही डिस्क, यावर आमच्या घरात चक्क एकमत झालं. तेवढ्यावरच आमचं एकमत संपलं.

हँडब्रेक एक बटणाचा आणि एक हाताने ओढायचा. बटणाचा नवीन, बोट लावलं की झालं. सासूबाईंना तो पटेना. त्यांचं म्हणणं, बटण दाबलं की नाही हे मागे पडलेल्याला कळणार कसं? हाताने ओढल्यावर कर्र असा आवाज येतो, जिवाला बरं वाटतं. टायवाला म्हणाला, आजी, मागच्या माणसाला ते कळायची काय गरज? सासूबाईंनी त्याच्याकडे इतक्या मायेने बघितलं की मलाच त्याची काळजी वाटली.

खरं भांडण ॲक्सलवरून. एका गाडीत मागची दोन्ही चाकं आपापली सुटी खालीवर होतात, स्प्रिंग मऊ, खड्डा आला तरी पोटातलं पाणी हलत नाही. दुसरीत मागे एकच सलग दांडा, स्प्रिंगऐवजी खाली पोलादी पाटे, आणि त्याला लॉक. लॉकचं त्याने समजावलं ते मला आवडलं. साध्या गाडीत एक चाक हवेत उचललं गेलं की सगळा जोर त्याच चाकाला जातो, ते उगाच गरगर फिरत बसतं, आणि जमिनीवरचं चाक नुसतं बघत राहतं. मी म्हटलं, आमच्या घरी असंच आहे. लॉकचा खटका ओढला की दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात, एक हललं की दुसऱ्याला हलावंच लागतं. नवऱ्याला लॉक हवं होतं. मला मऊ गाडी हवी होती. का नको? पेटीवरची फुलं मी लावते. पायथ्यापासून वर जाईपर्यंत ती सगळी एका कोपऱ्यात जमतात आणि फाटकापाशी नातेवाइकांसमोर मलाच वाकून वाकून पुन्हा लावावी लागतात. दणके खात वर चढण्यात कसली शोभा? नवरा म्हणाला, चढलीच नाही तर फुलांची काय शोभा? मी म्हटलं, ब्रेक दाबायचा तेव्हा दाबला असता तर ही वेळ आली नसती. बोलून गेले आणि लगेच वाईट वाटलं. त्याचा चेहरा उतरला. त्या दिवशी वळणावर ब्रेकवर पाय त्याचाच होता, आणि तेव्हापासून त्या वळणाचं नाव घरात कोणी काढत नव्हतं.

सासूबाईंनीच वाट काढली. "मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही," त्या म्हणाल्या, "मी पडून बघते." आणि काठी टायवाल्याच्या हातात देऊन त्या मऊ गाडीच्या मागच्या बाजूला चढल्या, सीट दुमडलेल्याच होत्या, आणि हात छातीवर ठेवून सरळ आडव्या झाल्या. पाय दाराकडे की डोकं दाराकडे, यावर थोडा विचार केला. मग म्हणाल्या, छान आहे, झोप येईल. टायवाला आनंदला. पण चढावर नेऊन दाखवा म्हटल्यावर कळलं, ट्रायलला फक्त सलग दांड्याची, लॉकवाली, हाताने ओढायच्या हँडब्रेकची गाडी आहे. सासूबाई म्हणाल्या, तीच आणा, आणि एक जाड गोधडी पण आणा. शोरूममध्ये गोधडी कुठली असायला? शेवटी गाड्या झाकायचं कापड चार घड्या करून मागे अंथरलं.

खुणा त्यांनीच ठरवल्या. दणके बसत असताना बोललं तर कवळीने जीभ चावली जाते, म्हणून बोलायचं नाही. नवऱ्याने विचारायचं, "आई, ठीक?" त्यांनी पत्र्यावर बोटाचं पेर आपटायचं. एकदा टक् म्हणजे ठीक, दोनदा म्हणजे थांब. नवरा स्टेअरिंगवर, टायवाला त्याच्या शेजारी, मी मागे सासूबाईंच्या उशाशी पाय दुमडून. आणि निघालो.

आता आमच्या धंद्यातल्या माणसाची खोड बघा. मागे कोणी आडवं असलं की माझ्या नवऱ्याचा पाय आपोआप हलका होतो. इतक्या वर्षांची सवय. गाडी माणसाच्या चालीने चालवायची, भर दुपारी पुढचे दिवे लावायचे, हॉर्न वाजवायचा नाही, आणि चेहरा तर तुम्ही बघायलाच हवा. जित्याची खोड म्हणतात ती हीच. त्याला चढ म्हटलं की एकच चढ माहीत, त्यामुळे शोरूमच्या मागचा सोयीचा चढ सोडून त्याने गाडी सरळ बाजारातून टेकडीकडे घातली. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मी कापडाच्या सुरकुत्या सारख्या करत होते. हीसुद्धा सवयच.

बाजाराने काय बघितलं? आमचा नवरा दिवे लावून हळूहळू गाडी चालवतोय, मागे काचेतून सासूबाई हात छातीवर ठेवून डोळे मिटून पडल्यात, आणि सून उशाशी बसून कापड सारखं करतेय. न्हावी कात्री हातात घेऊन दुकानाच्या पायरीवर आला आणि मान खाली घालून उभा राहिला. त्याच्या मागे अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईकही उभं राहिलं. चौकातल्या पोलिसाने चारही बाजूंची वाहनं थांबवली आणि आम्हाला सलाम ठोकला. फुलवालीने तोंडाला पदर लावला. टायवाला तर हरखून गेला. "बघितलंत," तो म्हणाला, "आमच्या गाडीला रस्त्यात कसा मान मिळतो."

माझी ट्यूब तेव्हा पेटली. मी वाकून सासूबाईंच्या कानाशी सांगितलं, आई, लोकांचा गैरसमज झालाय, उठून बसा. त्यांनी एक डोळा किलकिला उघडला, बाहेर बघितलं आणि परत मिटला. "गप्प बस," ओठ न हलवता त्या म्हणाल्या, "कोण कोण रडतंय ते बघून ठेव." बघा म्हणजे. मी काय करणार? बघून ठेवलं. फुलवाली रडत होती. आमच्याकडे उधारी असलेला सुतार रडत नव्हता. आणि पलीकडच्या रस्त्यावरचा टोपीवाला, म्हणजे आमच्याच धंद्यातला, बारा महिने काळी टोपी घालून फिरणारा, त्याने टोपी काढून छातीशी धरली होती आणि चेहऱ्यावर असं समाधान होतं की काय सांगू. सासूबाईंनी तेवढ्यापुरता पुन्हा डोळा उघडला. बोटाचं पेर पत्र्यावर एकदा आपटलं. टक्.

टेकडी लागली आणि सगळ्यांची मजा संपली. पाट्यांनी आम्हाला असं उडवलं की मी सासूबाईंच्या अंगावर आणि सासूबाई माझ्या. वळण आलं. गाडीचं नाक वर गेलं, एक चाक चरात उतरलं, दुसरं उचललं गेलं आणि हवेत गरगर फिरायला लागलं. तोच आवाज. नवऱ्याची मान मला मागून दिसत होती, घामाने ओली झालेली. त्याने गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, कर्र. आम्ही सगळे श्वास धरून बसलो. टायवाल्याला कळेना की इतकी शांतता कशासाठी.

गाडी थांबली ती थांबली. सूतभरही मागे आली नाही.

नवऱ्याने वळून न बघता विचारलं, "आई, ठीक?" जरा वेळ काहीच आलं नाही. मग टक्. त्याने लॉकचा खटका ओढला, दोन्ही चाकं एकत्र चालायला लागली, आणि गाडी घोरत घोरत चर ओलांडून वर गेली.

फाटकापाशी फावडेमामा उभा होता. वर खड्डे खणतो म्हणून त्याला सगळे फावडेमामा म्हणतात. कोणीतरी खालून फोन केलेला असणार, कारण त्याने धुतलेला शर्ट घातला होता. डोळे पुसत तो नवऱ्याच्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "मालकांच्या शेजारीच खणू ना?"

सासूबाई मागे उठून बसल्या. "आत्ता नको," त्या म्हणाल्या, "अजून ॲक्सल ठरायचाय."

फावडेमामा तिथेच मटकन बसला. टायवाल्याने आधी फावड्याकडे बघितलं, मग फाटकाकडे, मग आतल्या दगडांच्या ओळींकडे, आणि दार उघडून सरळ उतरला. मी त्याला पाणी दिलं. म्हटलं, दादा, तुम्ही विचारलं नाहीत ना, सामान कसलं ते. खरं म्हणजे त्याने विचारलं होतं, पण अशा वेळी कोण हिशेब ठेवतो.

सासूबाई काठी टेकत आत गेल्या, सासऱ्यांच्या दगडापाशी. आम्हीही मागे गेलो. त्यांनी दगडावरची माती पदराने झटकली. मी विचारलं, फार लागलं का हो, किती दणके बसले, म्हणून म्हणत होते मऊ गाडी घेऊ. माझा हट्ट अजून गेलेला नव्हता.

"कंबर मोडली माझी," त्या म्हणाल्या, "पण मी जिवंत आहे म्हणून मोडली. मेल्यावर दणका बसत नाही गं. दणका मागून चालणाऱ्याला बसतो. मी चालले आहे मागून, मला माहीत आहे." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझी चूक नव्हती. ती व्हॅन भंगारात निघालेली होती आणि नवी घेऊ नका म्हणणारी मी होते."

नवरा फाटकाबाहेर जाऊन उगाच गाडीची चाकं बघत बसला, बराच वेळ. मीही त्याला हाक मारली नाही. मऊ गाडीचा विषय मी तिथेच सोडला.

घरी परतलो तर दुकानापुढे हीऽ गर्दी. टोपीवाला सगळ्यात पुढे, हातात मोठं पुष्पचक्र. सासूबाई गाडीतून स्वतःच्या पायांनी उतरल्या तेव्हा फुलवाली किंचाळली. टोपीवाल्याचं तोंड इतकंसं झालं. तो पुष्पचक्र पाठीमागे लपवायला लागला, पण ते लपतंय कुठे? सासूबाईंनी ते त्याच्या हातून काढून घेतलं, वास घेतला, ताजं आहे म्हणाल्या, आणि दुकानात लावून टाकलं. दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाला ते आम्ही दिलंसुद्धा. वाया कशाला घालवायचं?

गाडी घेतली. चारही डिस्क, सलग दांडा, लॉक, हाताने ओढायचा हँडब्रेक. मागे पेटीसाठी रूळ आणि पट्टे बसवून घेतले. टायवाल्याने गाडी द्यायला दुसऱ्याच माणसाला पाठवलं. आणि सासूबाईंनी एक नवीनच खूळ काढलं. गाडी गॅरेजमधून ब्रेक तपासून आली की खरंच तपासले का, ते त्या स्वतः बघणार. त्यांची पेटी त्यांनी आधीच निवडून ठेवली होती, तीत उशी घालून आडव्या व्हायच्या, झाकण बाजूला. नवऱ्याला त्यांनी स्टेअरिंगवरून काढून टाकलं, मला बसवलं. म्हणे तू चिडकी आहेस, चिडका माणूस चढावर घाबरत नाही. नवऱ्याने पायथ्यापासून गाडीच्या मागे चालायचं, कारण मागून चालणारं कोणी नसेल तर ती चाचणी कसली? तो बिचारा घरातल्या स्लिपर घालून मागून चालायचा. वळणावर मी गाडी पूर्ण थांबवायची, हँडब्रेक ओढायचा, विचारायचं, "आई, ठीक?" आतून पेटीवर टक् आलं की पुढे.

पहिल्या एकदोन वेळा बाजार दचकला. मग सवय झाली. न्हावी कात्री हलवून हात करायचा, फुलवाली ओरडून विचारायची की आज ब्रेक कसे आहेत, आणि सासूबाई पेटीतून हात वर काढून अंगठा दाखवायच्या. चौकातला पोलीस सलाम ठोकायचा, हसत. लांबून आलेली माणसं हे बघून काय समजत असतील देव जाणे. मी लाजून मरायचे. नवऱ्याला मात्र मजा यायची. त्या वळणाचं नाव आता घरात कोणीही काढायचं आणि तो तिथेच बसलेला असायचा.

मग एका सकाळी त्या खरंच गेल्या. खुर्चीत बसून पेपर वाचत होत्या. रोज आधी निधनवार्तांचं पान काढायच्या, टोपीवाल्याकडे कोण गेलं ते बघायला. पान मांडीवर तसंच होतं. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारायचा धीर झाला नाही.

दुकानाबाहेरच्या निधनाच्या फळ्यावर नवऱ्याने स्वतःच्या हाताने आईचं नाव लिहिलं. येणारे जाणारे वाचून हसत पुढे गेले. मी फुलवालीकडे फुलं आणायला गेले तर ती म्हणाली, आज काय, नवीन ब्रेक? मी सांगितलं, गेल्या गं. ती म्हणाली, हो हो, मागच्या वेळी पण गेल्या होत्या. एकदा मेलेल्या माणसाच्या मरणावर दुसऱ्यांदा कोणी विश्वास ठेवत नाही. मी फुलं घेतली आणि परत आले.

बाजारातून मी गाडी माणसाच्या चालीने काढली, दिवे लावून. या वेळी झाकण बंद होतं. न्हाव्याने कात्री हलवली. कोणीतरी ओरडलं, आजी, झाकण कशाला लावलं, आत गरम होईल. पोलिसाने वाहनं थांबवली, सलाम ठोकला आणि हसला. मला इतका राग आला की गाडी थांबवून एकेकाच्या मुस्काटात ठेवून द्यावी. चौक ओलांडेपर्यंत तो राग होता. मग बघते तर मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, दोन्ही एकाच वेळी, आणि समोरचा रस्ता नीट दिसत नव्हता. म्हातारीने मरतामरता अख्ख्या बाजाराला फसवलं होतं.

पायथ्याशी जवळचे काही जण उभे होते, आणि बाजारातून आमच्या मागे गंमत बघायला आलेले बरेच. टोपीवालाही होता. आमच्या धंद्यातला माणूस तो, त्याने गाडीकडे नाही बघितलं, माझ्या नवऱ्याच्या पायांकडे बघितलं. पायांत स्लिपर नव्हत्या. काळे बूट होते, पॉलिश केलेले. टोपीवाल्याने टोपी काढली. या वेळी चेहऱ्यावर समाधान नव्हतं. मग ते एकेकाला कळत गेलं, आणि बोलणं थांबलं.

मी पुढे, सगळे मागे. वळण आलं. मी तिथे थांबणार आहे हे कोणाला सांगितलं नव्हतं, पण न थांबता मला पुढे जाताच आलं नसतं. गाडीचं नाक आभाळाकडे गेलं, एक चाक चरात उतरलं. मी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला. कर्र. आणि सवयीने तोंडातून गेलं, "आई, ठीक?"

बोलल्यावर कळलं की काय बोलले. आता उत्तर कोण देणार? गाडी जागची हलली नाही, आणि मीही. लॉकच्या खटक्यावर हात ठेवून मी वेड्यासारखी वाट बघत बसले.

मागून टक् असा आवाज आला.

आरशात बघितलं तर नवरा अगदी गाडीला लागून उभा होता, आणि त्याचं बोट मागच्या दारावर होतं. त्याच्या मागे कोणीतरी हसलं. फुलवाली असावी, रडत रडत हसली. मग आणखी दोघंतिघं.

मी खटका ओढला, हँडब्रेक सोडला आणि गाडी पुढे घेतली.